पणजोबांचा दगड

आत्याच्या डोक्यात वंशावळीचं खूळ शिरलं आणि आमच्या घरात कुणाला सुखाने जेवता येईना. तिला आणि काकाला फक्त रशियन वाचता येतं, आणि पणजोबांच्या थडग्यावर सगळं हिब्रूत! हिब्रू येणारे भेटले, तर त्यांना रशियन येईना. रशियनवाल्या एकाने तर थडग्याचा फोटो उलटा धरूनच मान डोलावली. शेवटी किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत एक अनुवादक बाई सापडल्या. दोन्ही भाषा पक्क्या! आनंदाच्या भरात आत्याने त्यांचा हात असा गदगदा हलवला की चहा सांडला.

बाईंनी फोटो स्क्रीनवर घेतला. "हे थडगं एका बाईचं आहे," असं म्हणून त्यांनी नाव वाचलं.

आत्याचा चेहरा पडला. "ही तर आजोबांची सासू! जन्मभर दोघांचं पटलं नाही, आणि आम्ही दर वर्षी हिलाच घासूनपुसून लख्ख करतो? मग आजोबा कुठे आहेत?"

बाईंनी फोटोचा कोपरा मोठा केला. तिथे एका आडव्या दगडावर काका ऐसपैस बसून सँडविच खात होता. त्याच्या लोंबत्या पायांमधून अक्षरं दिसत होती. बाईंनी ती वाचली. पणजोबाच, वडिलांच्या नावासकट!

"दादा, ऊठ!" आत्या किंचाळली.

शेजारी बाईंच्या खुर्चीत बसून बिस्कीट खाणारा काका ताडकन उभा राहिला, आणि घाईघाईने रुमाल काढून ती खुर्चीच पुसायला लागला.