वीसपर्यंत म्हण!

पाळणाघर पहिल्या मजल्यावर होतं आणि वर जायला अकरा पायऱ्या होत्या. गेली सोळा वर्षं मावशी याच पायऱ्यांवर पोरांना आकडे शिकवत आल्या होत्या. एक पायरी, एक आकडा, तोही मोठ्यानं. कुणी पाचावरून थेट आठावर उडी मारली तरी मावशी रागवायच्या नाहीत. आपण नीट ‘सहा’ म्हणून पाऊल टाकायच्या, की झालं.

अडीच वर्षांची भिंगरी तर चौथ्या पायरीलाच हात टेकायची. “एक, दोन, तीन, खूप!” आणि मग वरपर्यंत खूप, खूप, खूप. मागची सगळी पलटण खिदळत तिचीच री ओढायची.

त्या सोमवारी मावशींनी ‘एक’ म्हटलं आणि भिंगरीनं दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. दात दुखत असेल, असं मावशींना वाटलं. मंगळवारी तेच. बुधवारी शेजारच्या पोरानं नुसतं ‘दोन’ म्हटलं आणि ही मुसमुसून रडायला लागली.

संध्याकाळी लॉन्ड्रीतलं काम उरकून तिची आई न्यायला आली, तेव्हा मावशींनी तिला दारातच गाठलं.

“घरी काय झालंय?”

आईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. “मॅडमनी सगळ्यांना दिलाय. शनिवारी मेळाव्यात प्रत्येकानं माइकवर वीसपर्यंत म्हणायचं. नाही आलं तर मोठ्या गटात घेणार नाहीत.”

“बरं, मग?”

आईची नजर खाली गेली. “हे तिला जेवणाआधी उभं करतात. वीस झाल्याशिवाय ताट नाही. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.”

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि तुम्ही बघत बसता?”

“काय करू मावशी? ते म्हणतात, आत्ता मागे पडली तर जन्मभर मागेच राहील.”

“अडीच वर्षांची पोर कुणाच्या मागे पडणार आहे हो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांच्या चपला लावून झाल्या तशा मावशी थेट ऑफिसात शिरल्या. चार महिन्यांपूर्वी पाळणाघराच्या प्रमुख म्हणून आलेल्या मॅडम मेळाव्याची यादी करत होत्या.

“मॅडम, एका पोरीनं बोलणं टाकलंय. हे वीसचं खूळ बंद करा.”

“पालकांना प्रगती दिसायला हवी, मावशी. प्रत्येक गटात एखादं मूल कच्चं असायचंच.”

“कच्ची फळं असतात. पोरं नसतात.” मावशींचा आवाज चढला. “दोन चमचे आण म्हटलं की ती दोनच आणते. तीन बाहुल्यांपुढे तीन वाट्या मांडते. आणि तुमचा तो पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणारा, त्याला चार ठोकळे मागितले तर मूठ भरून देतो. त्याचा काय दोष? त्याचंही वय तेच. आपणच पोपटपंचीला मोजणं म्हणायला लागलोय.”

“तुम्ही मुलं सांभाळा. शिकवायचं आम्ही बघतो.”

मावशी तडक बाहेर पडल्या. पुढे बोलल्या असत्या तर तोंडून भलतंच निघालं असतं.

शनिवारी खुर्च्या भरल्या. पन्नासवाल्यानं पन्नास म्हटले, टाळ्या पडल्या. दुसरा एक अकरावर अडकला आणि त्यानं उभ्या उभ्या चड्डी ओली केली. कुणीतरी हसलं. पाच-सहा मोबाइल तसेच रोखलेले राहिले.

मग भिंगरीचं नाव पुकारलं. बापानं तिला उचलून माइकपुढे ठेवलं. “म्हण. एक...”

पोरीनं तोंड झाकलं. बापानं तिचा हात ओढून खाली केला.

मावशी कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी माइक बंद केला आणि पोरीला कडेवर घेतलं.

“बास झालं! लाज वाटते का कुणाला? लेकरू भीतीनं मुतलं, आणि हसता? मोबाइल खाली ठेवा आधी!”

“माझी मुलगी आहे,” बाप गुरकावला, “मी बघीन काय करायचं ते.”

“तुमचीच आहे. म्हणूनच तर तुमच्याकडे बघून थरथरतेय.”

चड्डी ओली झालेल्या पोराचे आजोबा उठले. “चल रे बाळा,” म्हणाले, “आणि मॅडम, आमच्या नातवाला या तमाशातून वगळा.” त्यांच्यापाठोपाठ खुर्च्या सरकू लागल्या. काही पालक मात्र मावशींकडे डोळे वटारून बघत बाहेर पडले. फुकट दिवस गेला, असं एकजण ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणालाही.

सोमवारी पालकांचे इतके फोन आले की वीसची अट गुपचूप मागे घेतली गेली. त्याच दिवशी मावशींच्या हातात शिस्तभंगाचं पत्र पडलं. त्यांनी सही केली आणि खाली लिहिलं, ‘पुन्हा असं झालं तर पुन्हा असंच करीन.’

भिंगरी मात्र गप्पच राहिली. तीन आठवड्यांनी तिचा बाप पहिल्यांदाच तिला न्यायला आला आणि दारात घुटमळला.

“अजून आकडा ऐकला की कान झाकते. काय करू, मावशी?”

“वेळेवर जेवायला घाला. काही न विचारता.”

“किती दिवस?”

“परत मोजायला लागलात?”

तो वरमला. खाली बसून लेकीच्या बुटाचा बंद लावू लागला. मावशींचा राग तसूभरही उतरला नव्हता. बंद नीट लागेपर्यंत त्या त्याच्या डोक्यावर उभ्याच राहिल्या.