डाव्या वळणाची खोड

घड्याळजींच्या मोटरसायकलला किक त्यांची बायको मारायची, ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती, आणि त्यातल्या एकाने ती विसरायची ठरवली होती.

दर रविवारी सकाळी साडेसहाला घड्याळजी जाकीट चढवून, हेल्मेट घालून गाडीवर राजासारखे बसायचे. बायको ओले हात पुसत बाहेर यायची, चपला काढून दाराशी ठेवलेला त्यांचाच जुना बूट उजव्या पायात घालायची, एका हाताने सीट धरायची आणि दाणकन किक मारायची. दुसऱ्या किकेला गाडी सुरू. घड्याळजी काचेमागून मान हलवायचे आणि भुर्र. बायको बूट काढून आत जायची. घड्याळजींचा गुडघा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता हो, पण ते रविवारच्या गाडीवाल्या मंडळींना कशाला सांगा? वाटेत गाडी बंद करायची वेळ आलीच तर घड्याळजी ती उतारावर उभी करायचे आणि निघताना घरंगळत सोडून गिअर टाकायचे. सगळ्यांना वाटायचं, काय ऐट आहे बुवा माणसाची!

एक दिवस गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "गाडीवर बसायला हरकत नाही. पण दोनशे किलोचं धूड या पायावर पेलायचं नाही. पडलात तर गुडघ्याचा भुगा होईल."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली, "अहो, आता ती गाडी विका."

पायरी उतरताना कळ येत होती आणि आधाराला तिचाच खांदा होता. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो.

"विकतो."

"शब्द?"

"शब्द."

शब्द दिला, पण जीव गाडीत अडकला होता त्याचं काय? सत्तावीस वर्षांची सोबत. तिचं इंजिन घड्याळजींनी तीन वेळा स्वतःच्या हातांनी उघडलं होतं. कार्बोरेटरचा एक स्क्रू बाजारात मिळेना, तेव्हा दुकानात भिंग डोळ्याला लावून भिंतीवरच्या घड्याळाच्या पितळेतून तो घडवला होता. सहा दिवस दुसऱ्यांच्या घड्याळांत डोकं घालायचं ते सातव्या दिवशी त्या गाडीवर बसता यावं म्हणून. ती गेली तर रविवार उजाडून करायचं काय? घड्याळजींना रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

पण माणूस बारीक कामाचा. रडण्याऐवजी त्यांनी युक्ती काढली.

पेट्रोल पंपामागे वेल्डरची शेड होती. रविवारी आठ जण तिथे जमायचे, जुन्या गाड्यांचे आठ वेडे. गाड्या आपसातच विकायचे, घ्यायचे, पुन्हा विकायचे. एक निळी गाडी तर पाच जणांकडे नांदून आली होती. त्यामुळे त्यांनी एक रीत पाडली होती. विकणाऱ्याने सगळ्यांसमोर गाडीच्या सगळ्या खोडी मोठ्याने सांगायच्या. भाव वेल्डर ठरवणार, घासाघीस नाही. खोडी ऐकून ज्याचा हात टाकीवर आधी, त्याची गाडी. आणि एखादी खोड लपवलेली निघाली, तर विकणाऱ्याने गाडी परत घ्यायची आणि वर्षभर रांगेच्या शेपटाला राहून सगळ्यांचा धूर खायचा.

खोड लपवली तर शिक्षा होती. पण नसलेली खोड सांगितली तर? त्याला काही नियमच नव्हता. कोण येडा असं करेल?

रविवारी घड्याळजी गाडीशेजारी उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, गाडी विकायचीय. पण आधीच सांगतो, गाडी अवलक्षणी आहे."

कधी खोटं न बोललेला माणूस खोटं बोलायला लागला की त्याला धरबंध राहत नाही. घड्याळजी म्हणाले, डाव्या वळणावर गाडी बंद पडते. उजवीकडे वळा, काही नाही. डावीकडे वळलात की मेली. मग म्हणाले, तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात टाकली की कधीकधी दुसराच पडतो. लोक अजून पळाले नाहीत हे बघून त्यांनी आणखी एक ठेवून दिली: पंपावरच्या रांगेत हॉर्न आपोआप वाजतो, त्यावरून दोनदा भांडणं झालीत. आणि शेवटी सुचेना तेव्हा म्हणाले, "तीन माणसं एकदम बघायला लागली की ऑइल गळतं."

झालं, घड्याळजींना वाटलं, आता कुत्रंसुद्धा विचारणार नाही.

इथेच त्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं. ज्या माणसांनी आयुष्यभर शनिवार गाडीखाली झोपून काढले, त्यांना नसती दुखणी सांगायची असतात का? धडधाकट गाडीकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. डाव्या वळणावरच बंद पडते म्हटल्यावर सातही जणांच्या डोळ्यांत चमक आली.

"वायर घासत असणार हँडलखाली," वेल्डर म्हणाला.

"छट्, टाकीतला कचरा एका बाजूला जातो," भूगोलाचे मास्तर म्हणाले.

"माझ्याकडे द्या, आठ दिवसांत सरळ करतो!" बेकरीवाला ओरडला आणि टाकीकडे झेपावला. मास्तरही झेपावले. दोघांची हेल्मेटं एकमेकांवर आपटली.

टाकीवर आधीच एक हात होता. दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळे दातवाली म्हणायचे, पहिली खोड सांगायच्या आधीपासून टाकीवर हात ठेवून उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं होतं, रंग बघतायत.

"माझी," दातवाली म्हणाली.

घड्याळजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. किल्ली दिली, कागदांवर सह्या केल्या, आणि दातवाली गाडी घेऊन निघून गेली. जाताना डावीकडेच वळली, तर गाडी मेली बंदसुद्धा पडली नाही.

घड्याळजींना घरी सोडायला कोणी नव्हतं. माया नव्हती असं नाही. एकाही गाडीला मागची सीट नव्हती. सीट काढली की गाडी देखणी दिसते, म्हणून मंडळींत सगळ्यांनी ती काढून टाकली होती. घड्याळजींनी सहा वर्षांपूर्वी काढली. एकट्याचा प्रवास हाच खरा प्रवास, असं मास्तर म्हणायचे. त्या दिवशी घड्याळजींनी एकट्याचा प्रवास पायी केला, लंगडत.

"विकली," घरी येऊन ते म्हणाले.

"बरं झालं," बायको म्हणाली आणि गालाला हात लावला. "अहो, माझी दाढ ठणकतेय. दातवालीकडे जावं म्हणते. बऱ्याच खेपा घालाव्या लागतील."

पुढचे तीन आठवडे घरात दोन दुखणी नांदत होती. अंगणात गाडीच्या जागी ऑइलचा काळा डाग होता, त्याकडे घड्याळजी बघत बसायचे. बायको एक दिवसाआड संध्याकाळी दाढेसाठी जायची आणि अंधार पडायच्या आत लालबुंद होऊन परत यायची. बिचारी किती सोसते, असं त्यांना वाटायचं. ते तिला सगळं मऊ, पातळ करून वाढायचे. एकदा स्वयंपाकघरातून शेंगदाणे फोडल्याचा कुडुम कुडुम आवाज आला, तर घड्याळजींना वाटलं, उंदीर असेल. तिच्या नखांत काळी रेघ असायची. घड्याळातला केसाएवढा काटा वाकडा असला तर हा माणूस हातभर लांबून सांगायचा, पण बायकोची नखं काही दिसली नाहीत.

मधूनमधून दातवालीचा फोन यायचा.

"घड्याळजी, डावीकडे तीस वेळा वळले. बंद पडत नाही."

"नव्या माणसाला लाजते ती. जरा रुळू द्या."

"हॉर्न वाजत नाही. पंपवाला विचारतो, बाई, तुम्ही पेट्रोल न भरता रांगेत का उभ्या राहता?"

"गर्दी कमी असेल."

"आणि ऑइल? मी, माझी नर्स आणि एक पेशंट, तिघं टक लावून बघत बसलो होतो. पेशंटचं तोंड उघडंच राहिलं होतं. एक थेंब गळला नाही."

घड्याळजींनी फोन ठेवला आणि घाम पुसला. चोराच्या मनात चांदणं. गाडी तर गेलीच होती, आता मंडळीही जायची वेळ आली. गाडीबद्दल खोटं बोलणाऱ्याला शेडमध्ये कोण उभं करणार? रात्री झोपेतही ते डावीकडे वळेनात.

चौथ्या रविवारी दातवालीने सगळ्यांना बोलावलं. स्वतः मोटारीतून आली. घड्याळजी उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसले होते.

"चार खोडी सांगितल्या होत्या," ती म्हणाली. "मी कार्बोरेटर तीनदा उघडला. एकही खोड सापडली नाही. गाडी सोन्यासारखी आहे. माझी फसवणूक झालीय."

वेल्डरने घड्याळजींकडे बघितलं. "खरं सांगा. रचल्या होत्या?"

घड्याळजींनी मान खाली घातली. "रचल्या होत्या. कोणी घेऊ नये म्हणून. बायकोला विकतो असा शब्द दिला होता आणि विकायची नव्हती. चुकलो."

"सोन्यासारखी गाडी असून आम्हाला आशा लावली!" बेकरीवाला कळवळून म्हणाला.

वेल्डर थोडा वेळ पान्याने डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "लपवली काय आणि रचली काय, खोटं ते खोटं. शिक्षा तीच. गाडी परत घ्या आणि वर्षभर शेपटाला राहा."

गाडी परत! घड्याळजींना हसू आवरेना, शिक्षा झालेल्या माणसाने हसू नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"थांबा," दातवाली म्हणाली. "एक खोड आहे. ती यांनी सांगितलीच नव्हती."

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. तो आवाज घड्याळजींनी हजारांत ओळखला असता. त्यांचीच गाडी. पण दातवाली तर इथे उभी! मग गाडीवर कोण?

गाडी शेडमध्ये शिरली, अगदी बेताने थांबली, आणि चालवणाऱ्याने हेल्मेट काढलं. आत घड्याळजींची बायको होती. उजव्या पायात जुना बूट, घट्ट नाड्या बांधलेला. डाव्यातही त्याचाच जोडीदार.

"तुझी दाढ?" घड्याळजींच्या तोंडून एवढंच निघालं.

"ठणठणीत आहे. बत्तीसच्या बत्तीस," दातवाली म्हणाली. "पण क्लच सोडताना पहिले चार दिवस फार त्रास झाला हो यांना."

बायको गाडीवरून उतरली नाही. सगळ्यांकडे बघून म्हणाली, "खोड मी सांगते. या गाडीला मागची सीट नव्हती."

"दोन वर्षं यांच्या गाडीला किक मी मारली. दर रविवारी. मी किक मारायची आणि हे भुर्र जायचे. विका म्हटलं ते नुसतं गुडघ्यासाठी नव्हतं. सहा वर्षांत एकदा तरी म्हणतील, चल तूही, असं वाटायचं. म्हणाले नाहीत. सीटच काढून टाकल्यावर म्हणणार तरी कसे? माळ्यावर टाकली होती ती. मी दर वर्षी पुसून ठेवायचे."

घड्याळजींनी आत्ता पाहिलं. मागे सीट होती. तीच जुनी, कोपऱ्यात शिवलेली, बोल्ट नीट पिळून बसवलेली. त्यांना एकदम दाराशी ओले हात पुसत उभी राहणारी बायको दिसली. दर रविवारी ते काचेमागून मान हलवत होते आणि ती काय म्हणत असेल हे एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "चल म्हणायला हवं होतं."

बाकीचे सहा जण आपापल्या एकट्या सीटकडे बघत होते. वेल्डर पाना पुसायला लागला. "आमचीही माळ्यावरच आहे," बेकरीवाला हळूच म्हणाला.

"मग आता गाडी कोणाची धरायची?" मास्तरांनी विचारलं. "यांनी परत घ्यायची असं ठरलं होतं."

"रीत ती रीत," वेल्डर म्हणाला. "खोडी सांगून झाल्या. टाकीवर हात कोणाचा आहे बघा."

सगळ्यांनी बघितलं. बायकोचा डावा हात टाकीवर होता, तळवा पसरून, आणि बघूनच कळत होतं की तो मघापासून तिथे आहे.

घड्याळजी उठले, दुखरा पाय जपून पलीकडे टाकला आणि मागे बसले. सगळ्या गाड्या सुरू झाल्या, रांग लागली. शिक्षेप्रमाणे ही जोडी शेवटी. बायकोने एका किकेत गाडी सुरू केली.

"क्लच हळू सोड," घड्याळजी म्हणाले. "आणि त्या खड्ड्यापाशी जरा..."

"अहो," ती म्हणाली, "मागे बसणाऱ्याने गप्प बसायचं असतं. सीट काढायच्या आधी एकवीस वर्षं हे तुम्हीच मला सांगायचात. आता धरून बसा."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण घड्याळजींनी तोंड मिटलं. दोन्ही हातांनी तिला धरलं. पुढचा धूर नाकात जात होता आणि त्यांना तो गोड लागत होता. पंपाशी रस्ता डावीकडे वळत होता. बायकोने गाडी कलती केली, घड्याळजी तिच्याबरोबर कलले, आणि गाडी बंद पडली नाही.