पाणी कुठं गेलं

शाळेच्या कपाटातली पोरापोरींच्या हेरगिरीची सगळी पुस्तकं मी आणि संस्कृतीनं वाचून संपवलीत. संस्कृती म्हणजे माझी चुलत बहीण, कल्याण तात्यांची मुलगी. दोघी नववीत. पुस्तक एक, वाचणाऱ्या दोघी, आणि शेवट यायच्या आत चोर ओळखायचा. मोठ्यांची पोलिसी पुस्तकं मला आवडत नाहीत. त्यांत साहेबाला सगळे सलाम ठोकतात, मग शोध लावण्यात कसली मर्दुमकी? आमच्या पुस्तकांतल्या पोरीला सगळे घरात पिटाळतात आणि तरी शेवटी तीच खरी ठरते. ते वाचून मला फार बरं वाटतं, कारण देवळालीत माझंही कुणी ऐकत नाही.

आमची आणि तात्यांची विहीर सामाईक. मोटारी दोन, पाळी आठवड्याची. पाळी आमची चालू होती. पप्पा सकाळी कांद्याला पाणी द्यायला गेले, तर विहिरीनं तळ गाठलेला आणि कांदा कोरडाठाक. पप्पांनी तिथंच निकाल लावला की रात्री लाईट आल्यावर कल्याणनं मोटार चालवली. तात्या परोपरीनं नाही म्हणत होते, पण पप्पा एकदा पेटले की पेटले. सगळ्या आळीसमोर त्यांनी सख्ख्या भावाला चोर म्हटलं. संस्कृतीला आमच्या दारातून परत पाठवलं. दोन्ही घरांचा संबंध कायमचा तोडायचा म्हणून पप्पांच्या मामांना, आसाराम मामांना, संध्याकाळी बोलावून घेतलं.

मला राग आला तो पप्पांच्या घाईचा. चोर कोण यावर जो तो बोलत होता. चोरीचा माल कुठं गेला, हे कुणीच विचारत नव्हतं. विहीरभर पाणी काही कुणी खिशात घालून नेत नाही. शाळेत भेटायला आम्हाला बंदी नव्हती. सुटल्यावर आम्ही दोघी तात्यांच्या सगळ्या रानातून फिरलो. जिकडे तिकडे वाळलेली ढेकळं. मग मी आमच्याच उसात शिरले. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत कोण कशाला जातंय? चार सऱ्या ओलांडल्या आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला.

तशीच आमच्या मोटारीच्या पेटीकडे गेले. ऑटो चालूच होता. शेतीची लाईट कधीही येते, म्हणून आमच्याकडं सगळे ऑटो लावून ठेवतात. लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते. आदल्या दिवशी पप्पांनी उसाला पाणी दिलं होतं आणि ऑटो बंद करायला विसरले होते. व्हॉल्व्हही उसाकडंच होता. सकाळी रागाच्या भरात त्यांनी पेटी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

संध्याकाळी मामा ओट्यावर बसले, तात्या खाली मान घालून उभे. मी मधे बोलले तर पप्पांनी घरात जायला सांगितलं.

"जाते," मी म्हणाले, "पन आदी समद्यांनी आपल्या उसात चला."

मामांची चप्पल चिखलात अडकली तेव्हा सगळे जागीच थांबले. मी मोटार, ऑटो, व्हॉल्व्ह असं क्रमानं सांगितलं. आवाज जराही कापला नाही. पुस्तकातली पोरगी असंच सगळ्यांसमोर सांगते आणि तिथं गोष्ट संपते. मला मात्र ज्याची चूक दाखवली त्याच माणसाच्या घरी जेवायला जायचं होतं. पप्पांचा चेहरा उतरला होता. तात्या त्यांच्या घरी निघून गेले.

बांधावरून परतताना पप्पा म्हणाले, "हे मला एकट्याला सांगायचं हुतं, निकिता."

"तुमी तात्यांना एकट्यात चोर म्हनला न्हवता, पप्पा."

पप्पा आमच्या दारावरून तसेच पुढं गेले, तात्यांच्या अंगणात उभे राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कल्याण, चुकलं माझं. पानी माझ्याच उसात हाय."