खिडकीची खिट्टी

कारखान्यात सगळे त्यांना टर्नरबाई म्हणत, आणि निवृत्तीनंतर इमारतीतही तेच नाव चिकटलं. एकतीस वर्षं त्यांनी लेथच्या यंत्रावर पंपांचे दांडे कातले. निवृत्त झाल्यावर हौसेनं एक जुना, लहानसा लेथ घेतला आणि चार माणसं लावून मागच्या खोलीत बसवला. आठवड्याभरातच त्यांच्या लक्षात आलं, की काय करायचं ते आपल्याला सुचतच नाही. आजवर सकाळी फोरमन ड्रॉइंग हातात देई. मापं त्याची, हात यांचे. आता ड्रॉइंग देणारं कुणी नव्हतं.

त्यांनी मेणबत्तीदाण्या केल्या, दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला पाठवल्या. शेवटी तिचा फोन आला.

"ताई, पुरे गं आता! सात झाल्या. एवढे दिवे जात नाहीत आमच्याकडे."

"मग काय करू, सांग."

"मला काय कळतंय त्यातलं? मोबाइलवर बघ की. लोक काय काय टाकत असतात."

बाईंनी पाहिलं. कुणी छोटं इंजिन केलं होतं, कुणी पितळेची भिंगरी. त्यांनी भिंगरी केली. टेबलावर ती सव्वाचार मिनिटं फिरली. "बघितलंस का!" बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्या उगीचच फडक्यानं हात पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर चिठ्ठी लावली: 'घरातलं काही तुटलं असल्यास आणून द्यावं. मजला दुसरा.' पाच दिवस कुणी फिरकलं नाही. सहाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. बरोबर डोक्यावरच्या, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल उभे होते, एकटेच राहणारे, जिन्यात भेटले तर नुसती मान हलवणारे. हातात खिडकीच्या खिट्टीचे दोन तुकडे.

"तुटली हो. आपोआपच."

बाईंनी तुकडे उजेडात धरले. "तुटलेली नाही ही. करवतीनं कापलीय. तीही वाकडी."

गृहस्थांचे कान लाल झाले. "असं? असेल, असेल," म्हणत त्यांनी तुकडे खिशात कोंबले आणि पायऱ्या चढून गेलेसुद्धा.

खोट पकडल्याचा आनंद बाईंना दार लावेपर्यंत टिकला. कुणी स्वतःच्याच खिडकीची खिट्टी का कापेल, हा विचार नंतर आला, आणि फळ्यावरची आपलीच चिठ्ठी आठवली. 'जीभ आहे की पोलादी कानस?' त्या स्वतःलाच म्हणाल्या.

इमारतीतल्या खिडक्या सगळ्या एकसारख्या. बाईंनी आपल्याच खिडकीची खिट्टी काढली, मापं घेतली आणि कागदावर स्वतः ड्रॉइंग काढलं. ते करायला त्यांना खिट्टी कातण्यापेक्षा जास्त वेळ लागला. रेघा तीनदा खोडल्या. मूठ मात्र जरा जाड ठेवली, म्हाताऱ्या बोटांना बरी पडावी म्हणून.

दोन दिवसांनी त्या वर गेल्या. ग्रंथपालांनी खिडकी सुतळीनं बांधून ठेवली होती. बाईंनी नवी खिट्टी बसवली. ती खट्‌कन लागली.

"परवा बोलले ते मनावर घेऊ नका," त्या स्क्रू आवळत म्हणाल्या. "तुटलेलीच असणार."

"छे, कापलीच होती," ते म्हणाले. "दोन पाती मोडली माझी."

बाईंना हसू फुटलं, मग त्यांनाही. ग्रंथपालांनी चहा ठेवला. कप एकच धड होता. तो त्यांनी बाईंना दिला आणि स्वतः पेल्यातून प्यायले. त्यांनी मूठ दोनदा फिरवून पाहिली, "छान लागते हाताला," म्हणाले. पुन्हा या, असं ते म्हणाले नाहीत; बाईंनाही येते म्हणायचं धाडस झालं नाही.

खाली आल्यावर बाईंनी लेथ सुरू केला नाही. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या स्टुलावर बसून ऐकत राहिल्या.