पौर्णिमेची सुई

मी इन्सुलिनची बाटली बोलतेय. जरा जवळ या, पण मला जोरात हलवू नका. हलवलेलं मला खपत नाही. ऊन खपत नाही, बर्फात गोठणं तर मुळीच नाही. नखरे म्हणा हवं तर. पण माझं कामच असं नाजूक आहे, की तब्येत सांभाळूनच करावं लागतं.

तुमच्या पोटात स्वादुपिंड असतं ना, ते आयुष्यभर गुपचूप इन्सुलिन बनवत असतं. तुम्ही भाकरी खाता, तिची साखर रक्तात येते, आणि इन्सुलिन पेशीपेशीचं दार ठोठावत फिरतं, "उघडा गं बायांनो, खायला आलंय!" ज्यांच्या स्वादुपिंडाला हे काम झेपेनासं होतं, त्यांच्या घरी मी जाते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या पोटी. आई म्हणून नेमकं कुणाचं नाव सांगावं, ते मला अजून कळलेलं नाही. लहानपण सगळं गारठ्यात गेलं. थंड पेटी, थंड गाडी आणि मग कंधारच्या मेडिकल दुकानातला फ्रीज. तिथं माझ्या शेजारी दुकानदाराच्या ताकाची बाटली असायची. औषधांच्या फ्रीजमध्ये ताक ठेवू नये, पण त्याला सांगणार कोण?

तिथून मला ज्योत्स्नानं नेलं. लातूरकडची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा आनंदराज विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला, रविवारचा घरी येणारा. खेड्यातल्या घरात ती आणि तिची सासू कोंडाबाई, दोघीच. एसटीत ज्योत्स्नानं मला ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय गं त्यात, लोणी?"

"आत्याबाईंचं इन्सुलिन हाय. आता सुई घ्यायची हाय त्यांना."

"अगं माय! सुईवर गेल्या का? मग संपलंच की!"

तुम्हा माणसांचं हे मला कधी कळलं नाही. गोळी घेतली की औषध, आणि सुई घेतली की संपलं! अहो, मी संपवायला नाही, सावरायला येते.

घरी फ्रीज होता, पण लाईटचा काही नेम नव्हता. म्हणून कोंडाबाईनं मला ओल्या वाळूत रोवलेल्या गाडग्यात ठेवलं. खरं सांगते, तिथला गारवा मला मानवला. पहिल्याच दिवशी तिनं मला डोळ्यांपुढं धरलं आणि म्हणाली, "एवढीशी हायस, अन् माझ्या जेवणावर राज्य करून राहिलीस व्हय!"

रोज सकाळी आणि संध्याकाळी, जेवणाच्या आधी, ती मला दोन्ही तळव्यांत शेवई वळावी तशी हलकेच फिरवायची आणि स्वतःच सुई टोचून घ्यायची. कुणी कारल्याचा रस सांगायचं, कुणी जांभळाच्या बिया. त्यांना ती ठणकावायची, "आधी तुमी प्या, अन् मग मला सांगा कसं लागतं ते." असली फटकळ बाई मला आवडली नसती तरच नवल.

मग श्रावणातली पौर्णिमा आली. सुई सुरू झाल्यावरची तिची पहिलीच.

कोंडाबाईच्या सासूनं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून या घरात पौर्णिमेचा उपोसथ चुकला नव्हता. पांढरं लुगडं नेसायचं, आठ शीलं घ्यायची आणि दुपारी बारानंतर अन्न तोंडात घालायचं नाही. मरताना सासूनं कोंडाबाईचा हात धरून सांगितलं होतं, "पौर्णिमा तुझ्या पदरात घातली." शपथ नव्हती ती, पण कोंडाबाईसाठी शपथेहून मोठी होती.

संध्याकाळी तिनं मला गाडग्यातून काढलं. ज्योत्स्ना पुढं झाली. "आत्याबाई, आज सुई नका घेऊ. सुई घेतली की जेवावंच लागतं, डॉक्टर म्हणले होते."

"डॉक्टर तर म्हणला, सुई चुकवायची न्हाई. अन् औषध काय अन्न हाय का? उपोसथाला औषध चालतं."

"पण मग खाणार कधी?"

"सकाळी. माझं मला समजतं, माय."

तिनं रोजच्याइतकंच इन्सुलिन भरलं, टोचलं आणि विहारात ग्रंथवाचन ऐकायला निघून गेली.

आता माझी पंचाईत ऐका. मी गाडग्यातही होते आणि तिच्या रक्तातही. एकदा आत उतरले की मला मागं फिरता येत नाही. मी दारं उघडत सुटले, आणि होती नव्हती ती साखर पेशींत शिरून गेली. मागून यायला भाकरीचा तुकडासुद्धा नव्हता. थांब, थांब, असं मी मलाच म्हणत होते. मला थांबता येईना. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

विहारात कोंडाबाई पुढच्या ओळीत बसली होती. मान कलली. बायांना वाटलं, म्हातारीची समाधी लागली. एकजण तर हात जोडून म्हणाली, "किती तल्लीन झाल्यात बघा!" तल्लीन कसली, पांढरं लुगडं घामानं भिजलं होतं आणि बोटं थरथरत होती.

घरी ज्योत्स्नाच्या हातातलं काम सरेना. शेवटी गुळाचा खडा घेऊन ती विहाराकडं पळाली. सासूकडं बघितलं मात्र, तिला सगळं उमगलं.

"आत्याबाई, तोंड उघडा. गूळ हाय."

कोंडाबाईनं ओठ मिटून घेतले. जीभ जड झाली होती तरी बोलली, "न्हाई... बारा वाजून गेले."

"आत्याबाई, तुमी जाल ओ!" ज्योत्स्ना रडत रडत ग्रंथ वाचणाऱ्या भंतेजींकडं वळली. "भंतेजी, तुमी तरी सांगा!"

वाचन थांबलं. भंतेजी उठून जवळ आले. "कोंडाबाई, आजाऱ्याला दुपारनंतर तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ चालतो. तथागतांनीच भिक्खूंना तशी मुभा दिली होती. सुई औषध, तसा गूळही औषध. तोंड उघडा."

कोंडाबाईनं तोंड उघडलं. गूळ विरघळला आणि मला रक्तात साखरेची चाहूल लागली. एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू!

पण गुळावर रात्र निघत नाही. घरी आल्यावर ज्योत्स्नानं वरणभाकरी कालवून पुढ्यात ठेवली. भाकरी काही औषधात बसत नव्हती. कोंडाबाईनं ती खाल्ली, एकेक घास रडत खाल्ला. "मोडली गं पौर्णिमा," म्हणाली. "सासूला काय तोंड दाखवू?" त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी भांडलीसुद्धा नाही. मला ते फार लागलं.

काल भाद्रपदातली पौर्णिमा होती. कोंडाबाई सकाळपासून शीलं न घेता ओसरीवर बसून होती. तेवढ्यात ज्योत्स्ना विहारातून आली. अंगावर पांढरी साडी.

"आत्याबाई, मी शीलं घेऊन आले. या घरची पौर्णिमा आजपासून माझी."



संध्याकाळी ज्योत्स्नानं भाकरी थापल्या. तव्यावरच्या भाकरीचा वास घरभर सुटला होता आणि पोरीच्या पोटात दुपारपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. सुई झाल्यावर तिनं सासूपुढं ताट ठेवलं.

"तू उपाशी अन् मी जेवू व्हय?" कोंडाबाईनं विचारलं.

"हाव. तुमच्या सासूबाईंनी मरताना तुमच्या पदरात घातली. तुमी मला जेवता जेवता द्या."

कोंडाबाईनं डाव्या हातानं सुनेचा हात धरला, उजव्यानं घास मोडला आणि म्हणाली, "दिली, माय."

माझ्यातलं शेवटचं इन्सुलिन त्याच सुईत गेलं. आता मी रिकामी आहे, उद्या नवी बाटली येईल. माझ्या बहिणी तुमच्याही घरी येतील. त्यांना भिऊ नका, उन्हात ठेवू नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, सुई झाली की आपल्या माणसाला उपाशी उठू देऊ नका. मी फक्त दार उघडते हो, भाकरी तुम्हालाच वाढावी लागते.