लीला मॅडमचा मुका तास

"मॅडम, आप बोलो नक्को, मैं समझ गया," प्राचार्य अप्पाराव म्हणाले आणि पुढे बराच वेळ स्वतःच बोलत राहिले.

लीला गुंजोटीकर त्यांच्यासमोर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. नामपल्लीच्या त्या लॉ कॉलेजात त्या कित्येक वर्षं पुराव्याचा कायदा शिकवत होत्या, आणि त्यांचा आवाज ही कॉलेजची शान होती. माइक त्यांनी कधी हातात धरला नाही. तिसऱ्या मजल्यावर त्या "हरकत आहे!" म्हणाल्या की खाली कँटीनमध्ये चहा पिणारा दचकायचा. आता त्या आवाजालाच दृष्ट लागली होती. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभर मौन सांगितलं होतं, पुढे ऑपरेशन, आणि जुना आवाज परत येईलच असं नाही, हेही वर सांगून ठेवलं होतं.

अप्पारावांचं म्हणणं साधं होतं. लॉ कॉलेजात न बोलणारी मॅडम कशी चालणार? विषय दुसऱ्या कुणाला तरी देऊ, तुम्ही आता लायब्ररी सांभाळा. लीलाबाईंनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'पंधरा दिवस द्या. मग वर्गात येऊन बसा आणि ठरवा.'

अप्पारावांनी नाइलाजाने मान डोलावली. माणूस मनाने चांगला होता. आवाज नसलेल्या वकिलावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर लीलाबाईंचाही नव्हता.

त्या चिक्कडपल्लीला घरी आल्या तेव्हा प्रमोदरावांनी कागद वाचल्यासारखा बायकोचा चेहरा वाचला. "उगाच हौलेपणा, वेडेपणा करू नकोस. रजा घे ना सरळ! वर्गात जाऊन करणार काय तू? नाटकातल्या झाडासारखी उभी राहणार?" संसारात पहिल्यांदाच शेवटचा शब्द प्रमोदरावांना मिळाला, आणि तो मिळाल्यावर ते बिचारे कावरेबावरे झाले. थोड्या वेळाने हळद घातलेलं गरम पाणी घेऊन आले आणि शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात लुटुपुटूचा खटला होता. साक्षीदार ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत त्याला प्रश्न विचारायचे, असा लीलाबाईंचा जुना नियम. त्यामुळे दखनी हिंदीची चंगळ असायची. खटला स्कूटरच्या धडकेचा होता आणि आरोपीची वकील होती भामा. ही करीमनगरकडची मुलगी हुशार होती, पण तोंडाला लगाम नव्हता. तिने साक्षीदाराकडून एकेक गोष्ट कबूल करून घेतली. अंधार होता, रस्त्यावरचा दिवा बंद होता, धडक झाली तिथून साक्षीदार लांब होता. खटला तिच्या खिशात आला होता. आणि त्या आनंदात ती विचारून बसली, "फिर तुम को कैसे मालूम, स्कूटर येइच आदमी चला रहा था?"

"मेरेच दरवाजे के सामने आ के गिरा ना मॅडम," साक्षीदार म्हणाला. "मैंच उठाया उसको."

वर्ग खो खो हसला. भामा मटकन खाली बसली.

लीलाबाईंच्या गळ्याशी वाक्य तयार होतं. उलटतपासणीत जिंकत आलेला वकील एक प्रश्न जास्त विचारतो आणि तिथेच मरतो. हे वाक्य त्या दरवर्षी घणाघाती आवाजात सांगायच्या. मुलं ते लिहून घ्यायची, खाली लाल रेघ मारायची आणि पुढच्या खटल्यात तोच जास्तीचा प्रश्न विचारायची. आज वाक्य वर आलं आणि अडलं. त्या फळ्याकडे वळल्या, 'कुठे हरलो?' एवढंच इंग्रजीत लिहिलं आणि खुर्चीवर बसल्या.

मुलं वाट बघत राहिली. मॅडम सांगतील, आपण लिहून घेऊ. मॅडम काही सांगेनात. शेवटी युवराज नावाचा एक मुलगा काहीतरी बोलला, ते साफ चूक होतं. दुसरीने त्याला खोडून काढलं, तीही चूकच होती. चुकीचं उत्तर ऐकून गप्प बसण्यात काय यातना असतात, ते शिकवणाऱ्यालाच विचारावं. लीलाबाईंचे हात सारखे उचलले जात होते, म्हणून त्या हातांवर बसल्या. तास संपला तरी मुलं भांडत होती. जिन्यातही भांडत होती. भामा एकटीच गप्प होती.

असेच तास होत गेले आणि अप्पाराव वर्गात येऊन बसायचा दिवस उजाडला. ते मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. आजचा खटला नुमाइशच्या, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाच्या, गर्दीत पर्स पळवल्याचा. साक्षीदार बांगडीवाला झाला होता युवराज. वकील पुन्हा भामा. युवराजला जो जबाब लीलाबाईंनी लिहून दिला होता, त्यात एक खोच होती. बांगडीवाल्याच्या समोर आरसा होता आणि चोरी त्याला आरशात दिसली होती. पण विचारलं तरच हे सांगायचं, एरवी नाही. हा खटला त्या दरवर्षी देत, आणि आजवर एकाही मुलाने ते विचारायचं सोडलं नव्हतं.

"दुकान पे गिराकी थी?" भामाने विचारलं.

"हौ, बहुत."

"उस टाइम तुम एक अम्मा को चुडियाँ पहना रहे थे?"

"हौ."

"पहनाते टाइम नजर हाथ पेच रखना पडता. नहीं तो चुडी टूटती, हाथ कटता. सही बात?"

"सही बात."

"उस दिन एक भी चुडी टूटी?"

"नहीं!" युवराज ऐटीत म्हणाला. "मेरे हाथ से कब्बी नहीं टूटती."

झालं. साक्षीदार खाली मान घालून काम करत होता, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. आता पुढचा प्रश्न सगळ्या वर्गाच्या जिभेवर होता. मग तुला दिसलं कसं? मागच्या बाकावर अप्पारावसुद्धा पुढे झुकले. युवराज उत्तर तोंडात धरून वाट बघत होता. भामाचे ओठ उघडले. लीलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा भामाचे ओठ मिटलेले होते. तिच्या गळ्याशी आलेला प्रश्न खाली उतरताना त्यांना स्पष्ट दिसला. "बस, हुजूर," ती म्हणाली. "और कुछ पूछना नक्को."

इतकी वर्षं लीलाबाई शिकवत होत्या, पण एखादं माणूस शिकतं त्या क्षणी ते असं समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कधी? त्या क्षणी त्या नेहमी बोलत असायच्या. त्यांचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी आत काहीतरी तुटलं, कारण हे त्यांच्या आवाजावाचून झालं होतं.

वर्गात एकच गलका झाला. का थांबलीस? विचारायला हवं होतं! युवराजने हातातला जबाब वाचून दाखवला, आरसा बाहेर आला, आणि मुलं पुन्हा एकमेकांवर तुटून पडली. अप्पारावांमधला जुना वकील जागा झाला. ते उठून उभे राहिले. "सुनो, इसका उसूल ऐसा है कि..." लीलाबाई शांतपणे त्यांच्यापर्यंत गेल्या आणि त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना खाली बसवलं. प्राचार्य बसले. तोंड थोडं उघडंच राहिलं होतं.

तास संपला तरी कुणी उठेना. जाताना अप्पाराव दाराशी घुटमळले. "विषय आपकाच है, मॅडम," ते इतक्या हळू म्हणाले की जणू डॉक्टरांनी त्यांनाही मौन सांगितलं होतं.

सगळे गेल्यावर भामा परत आली. "मॅडम, मैं सही जगह रुकी क्या?"

नुसती मान हलवायची होती. डॉक्टरांची त्याला मनाई नव्हती. पण लीलाबाईंनी मान हलवली नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. भामा आधी गोंधळली, मग खिडकीबाहेर बघत विचार करू लागली. बऱ्याच वेळाने, मॅडमला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "सही रुकी." आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली.

लीलाबाई पहिल्या बाकावर बसल्या. डोळे पुसले. पुढच्या तासाची मुलं आत येऊ लागली, आणि मॅडमला मुलांच्या बाकावर बघून दारातच थबकली. "मॅडम, यहाँ क्लास है हमारा. बैठना क्या?" एका मुलीने विचारलं.

लीलाबाई थोड्या सरकल्या आणि त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.