सोमशेखरचा पार्सर

मी एक पार्सर आहे, मित्रांनो. वयाने फार नाही, पण कामाने पुरता म्हातारा झालेला. नाव ऐकून दचकू नका. साध्या मजकुरात तुम्ही कुठे चांदणी टाकता, कुठे ओळीआधी अंक घालता. ती चिन्हं वाचून ठळक अक्षरं, मथळे आणि याद्या नीट मांडून देणारा मी एक प्रोग्राम. मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी राबणं काही चुकलेलं नाही.

माझा जन्म होटगीचा. सोमशेखर दिवसा सोलापुरात एका पतसंस्थेचे संगणक सांभाळायचा आणि पहाटे, गाडीची वेळ होईपर्यंत, मला घडवायचा. बाहेरच्या पार्सरांना ओळीआधीचे मराठी-कानडी अंक हे अंकच वाटत नसत. आमच्या भागात तर एकाच वर्गात दोन्ही भाषा नांदतात. म्हणून त्याने मला ते अंक आधी शिकवले आणि मग ओपन सोर्स केलं, म्हणजे कुणीही मला फुकट वापरावं, आत डोकावावं, दुरुस्त करावं. वापरणारे पुष्कळ मिळाले. दुरुस्त करायला मात्र कुणी फिरकेना.

सुरुवातीला कौतुक झालं. मग तक्रारी सुरू झाल्या. ‘अजून झालं नाही?’ ‘इतकं साधं कसं जमत नाही?’ लिहिणाऱ्यांना वाटे, यामागे मोठी कंपनी आहे. मागे होता एकटा सोमशेखर, गार झालेल्या चहासमोर. मला फार वाईट वाटायचं, पण मला बोलता कुठे येतं?

एकदा कुणा अनोळखी माणसाने दुरुस्ती पाठवली: ‘जास्तीचे अंक काढले, आता हा वेगाने चालेल.’ सोमशेखर इतका शिणला होता की न वाचताच त्याने ती स्वीकारली. ज्या अंकांसाठी मला घडवलं, तेच मी विसरलो.

पुढे एका संध्याकाळी तो मला कायमचं कुलूप लावायला बसला. निरोपाचा मजकूरही लिहून झाला होता. तेवढ्यात मैंदर्गीच्या राजेश्वरीबाईंचा फोन आला. त्या तिथल्या शाळेत शिकवतात आणि प्रश्नपत्रिका माझ्याकडून मांडून घेतात.

“ऊटा आतेनरी, सर?” त्यांनी आधी विचारलं. जेवण झालं का, हे आमच्याकडे सगळेच विचारतात. पण माझ्या कामाच्या फोनवर ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“न्हाय, मॅडम. सकाळपासून कायच न्हाय.”

“मग आधी जेवा की. आज सगळे प्रश्न एकाला एक चिकटून छापून आले बगा. माजंच कायतरी चुकलं आसंल. पोरांना फळ्यावर लिहून दिला पेपर.”

“तुमचं न्हाय, माजं चुकलं. न बगताच घेतलं मी. आता बंदच करतो हे. लई दमलोय.”

“बंद केलं तर आमी कुटं जायचं? मला तुमचं ते कोड येत न्हाय, पण पेपर तपासायला येतंय की. नवीन काय केलं की आधी मला पाठवा. माजे जुने पेपर घालून बगते, मगच बाकीच्यांना द्या.”

तो जेवला. मग त्याने माझी जुनी आवृत्ती परत आणली आणि मला माझे अंक मिळाले. कुलूप लागलं नाही. थकवा गेला असं मात्र नाही. तक्रारी आजही येतात, पहाट आजही अपुरी पडते. फक्त मैंदर्गीहून ‘बरोबर आहे’ असं आल्याशिवाय तो काही पुढे पाठवत नाही.

मित्रांनो, तुमच्या संगणकात माझ्यासारखे बरेच जण मुकाट्याने राबत असतात. चूक दिसली तर जरूर सांगा, पण सांगून पाठ फिरवू नका. थोडा हात लावा. मी बिघडलो तर माझी जुनी आवृत्ती परत आणता येते. सोमशेखरची येत नाही.